कमी दिवसांचे बाळ लसीकरणानंतर किरकिर करत असेल तर काय करावे?

सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेले, काही दिवस काचेच्या पेटीत राहून घरी आलेले बाळ दीड महिन्याचे झाले की पहिल्या मोठ्या लसीकरणाची तारीख येते. लस घेऊन घरी आल्यावर संध्याकाळपासून बाळ रडू लागते, अंगावर नीट पीत नाही, अंग गरम लागते. आधीच नाजूक बाळ, त्यात हे रडणे, त्यामुळे घरातले सगळेच घाबरतात. यातला बराचसा त्रास एक-दोन दिवसांत आपोआप जातो. मात्र काही लक्षणे अशी आहेत की ती दिसल्यावर घरी थांबून चालत नाही. दोन्हींतला फरक कसा ओळखायचा आणि बाळाला शांत कसे करायचे, ते या लेखात पाहू.

एवढ्या लहान बाळाला लस वेळेवर का द्यायची?

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अकाली जन्मलेले बाळ म्हणतात. ३२ व्या आठवड्यात जन्मलेले बाळ दीड महिन्याचे होते, तेव्हा त्याची मूळ प्रसूतीची तारीखही उलटलेली नसते. म्हणून "जरा वजन वाढू द्या, मग लस देऊ" असे घरातली मोठी माणसे म्हणतात. पण आईकडून बाळाला मिळणारी संरक्षक द्रव्ये मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मिळतात. लवकर जन्मलेल्या बाळाला ती कमी मिळालेली असतात आणि डांग्या खोकला, न्यूमोनिया यांसारखे आजार त्यालाच जास्त जड जातात.

म्हणून बाळाची तब्येत स्थिर असेल तर ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसी जन्मतारखेपासून मोजूनच, पूर्ण मात्रेत दिल्या जातात. जन्मानंतर लगेच द्यायच्या बीसीजी आणि हिपॅटायटिस-बी लसींच्या बाबतीत मात्र वजन व तब्येत पाहून डॉक्टर वेळ ठरवू शकतात.

लसीनंतर नेमके काय होते?

६ व्या आठवड्यात बाळाला पेंटाव्हॅलेंट आणि न्यूमोकोकल या लसींची इंजेक्शने मांड्यांमध्ये, आयपीव्ही दंडावर त्वचेत आणि पोलिओ व रोटाव्हायरसचे थेंब तोंडाने दिले जातात. पेंटाव्हॅलेंटमधील डांग्या खोकल्याच्या घटकामुळे ताप आणि मांडीचे दुखणे जास्त जाणवते. पुढील गोष्टी पहिल्या २४ ते ४८ तासांत नेहमीच्या समजल्या जातात:

- हलका ताप
- इंजेक्शनच्या जागी लाली, सूज, हात लावल्यावर रडणे
- किरकिर, कुशीतून खाली न राहणे
- नेहमीपेक्षा थोडी जास्त झोप, पण दुधासाठी उठवल्यावर उठणे

ताप दोन दिवसांनंतर सुरू झाला, तर "लसीमुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका. त्याचे कारण वेगळे असू शकते.

लस देतानाच सुरुवात करा

- लस देण्याच्या थोडे आधी आणि देताना बाळाला अंगावर घ्या. स्तनपानामुळे सुईचे दुखणे कमी जाणवते. ओढून पिण्याची ताकद नसेल तर नुसते छातीशी धरा.
- लस दिल्यानंतर अर्धा तास केंद्रावरच थांबा. बाळ कितव्या आठवड्यात जन्मले, पेटीत किती दिवस होते, श्वास थांबण्याचा त्रास झाला होता का, हे नर्सताईंना आधीच सांगा. दवाखान्यातून सुटी देताना मिळालेला कागद आणि माता व बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवा.
- २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा श्वास थांबण्याचा त्रास झालेल्या बाळाची पहिली लस रुग्णालयात, देखरेखीखाली द्यावी का, हे बालरोगतज्ज्ञांना विचारा. अशा काही बाळांमध्ये लसीनंतर २ ते ३ दिवसांत श्वास क्षणभर थांबण्याचे किंवा हृदयाचे ठोके मंदावण्याचे प्रकार पुन्हा दिसू शकतात.

घरी बाळाला शांत कसे करावे?

१. उघड्या छातीशी धरा. यालाच कांगारू पद्धत म्हणतात. बाळाला फक्त लंगोट आणि टोपी घालून आईच्या दोन स्तनांच्या मध्ये उभे धरा, वरून साडी किंवा पातळ चादर गुंडाळा. बाळाची मान एका बाजूला वळलेली, हनुवटी किंचित वर आणि नाक मोकळे असावे. आई थकली असेल तर वडील किंवा आजीनेही असे धरले तरी चालते. धरणाऱ्याने झोपी जाऊ नये.

२. हातपाय गोळा करून धरा. बाळाचे हात छातीजवळ आणि पाय पोटाजवळ हलकेच दुमडून, आपला एक तळवा डोक्यावर व दुसरा पायांवर स्थिर ठेवा. थोपटू नका, नुसता हात ठेवा. पोटात असताना ते ज्या स्थितीत होते, तिच्याजवळची ही स्थिती आहे. दुखऱ्या मांडीवर दाब येऊ देऊ नका.

३. एका वेळी एकच गोष्ट करा. पूर्ण दिवसांच्या बाळाला गाणे, झोका आणि खुळखुळा एकदम चालतो. कमी दिवसांच्या बाळाला तेवढे सहन होत नाही. बाळ तोंड फिरवते, बोटे ताणून पसरते, उचक्या किंवा जांभया देते, अंगावर चट्टे-पट्टे दिसतात, तेव्हा "आता पुरे" असे ते सांगत असते. टीव्ही बंद करा, दिवा मंद करा, भेटायला आलेल्यांना दुसऱ्या खोलीत बसवा.

४. थोडे थोडे, वारंवार पाजा. दर दोन ते तीन तासांनी पाजा, झोपले असले तरी उठवा. ओढत नसेल तर दूध काढून वाटी-चमच्याने द्या. पाणी, साखरपाणी, मध, घुटी किंवा ग्राइप वॉटर देऊ नका.

५. दुखऱ्या मांडीला आराम द्या. साध्या पाण्यात भिजवून पिळलेला स्वच्छ रुमाल काही मिनिटे ठेवता येतो. बर्फ, गरम शेक, हळद, तेल, मलम किंवा चोळणे टाळा. त्या दिवशी मालीशही नको.

झोळी, धुरी आणि दृष्ट

रडणारे बाळ झोळीत चटकन झोपते. पण कमी दिवसांच्या बाळाची मान तिथे छातीवर वाकून श्वासाची वाट अरुंद होऊ शकते. म्हणून झोपवायचे ते सपाट, घट्ट अंथरुणावर आणि पाठीवर. शेगडीची धुरी बाळाच्या फुप्फुसांना त्रास देते. दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढा, फक्त मिरच्या-मोहरीचा धूर बाळाच्या खोलीत होऊ देऊ नका.

ताप की उन्हाळा?

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या घरात, दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाचे अंग लस न घेताही गरम लागते. उलट धुळ्याच्या थंडीत पारा एक अंकी आकड्यावर येतो, तेव्हा बाळ गार पडू शकते. म्हणून हाताने अंदाज न घेता काखेत थर्मामीटर लावा.

- ९७.७ ते ९९.५ अंश फॅरेनहाइट: ठीक आहे.
- ९९.५ ते १००.४: कपडे मोकळे करा, सावलीच्या हवेशीर खोलीत ठेवा, दूध पाजा आणि २० मिनिटांनी पुन्हा मोजा. कूलरचा झोत थेट अंगावर नको.
- १००.४ किंवा अधिक: लस घेतलेली असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तीन महिन्यांच्या आतील बाळाचा ताप जंतुसंसर्गाचाही असू शकतो.
- ९७.७ पेक्षा कमी: लगेच छातीशी धरून ऊब द्या. ९५.९ पेक्षा कमी असेल तर तातडीने रुग्णालयात न्या.

पॅरासिटामॉल देताना सर्वांत जास्त चूक इथे होते

औषधाची मात्रा वजनावर ठरते. साधारणपणे एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम धरतात आणि अकाली बाळात डॉक्टर ती आणखी जपून ठरवतात. २ किलो २०० ग्रॅमच्या बाळाचा हिशेब एका वेळी २२ ते ३३ मिलिग्रॅम इतकाच येतो.

आता बाटल्या पाहा. लहान बाळांच्या थेंबांच्या बाटलीत बहुधा १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. पातळ औषधाच्या बाटलीत तेवढ्याच १ मिलिलिटरमध्ये सुमारे २५ मिलिग्रॅम असते. म्हणजे "एक मिली द्या" हा सल्ला बाटली बदलली की चौपट औषध देतो. ५०० च्या गोळीचा चतकोर म्हणजे १२५ मिलिग्रॅम, ते तर या बाळाला फारच जास्त झाले. म्हणून:

- आजच्या वजनावर डॉक्टरांकडून मिलिलिटरमध्ये मात्रा लिहून घ्या, बाटलीचे नावही लिहून घ्या.
- चमच्याने न देता खुणा असलेल्या ड्रॉपरने किंवा सिरिंजने द्या.
- ताप येण्याआधीच "खबरदारी म्हणून" देऊ नका.
- आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन किंवा मोठ्या भावंडाचे उरलेले औषध अजिबात नको.

ताबडतोब रुग्णालयात कधी न्यावे?

कमी दिवसांचे बाळ आजारी पडले की दरवेळी मोठ्याने रडतेच असे नाही. बऱ्याचदा ते गप्प होते. त्यामुळे रडण्यापेक्षा अशा गप्प, ढिल्या पडलेल्या बाळाची काळजी जास्त करा.

- श्वास २० सेकंद किंवा अधिक थांबणे, ओठ-जीभ निळसर होणे
- शांत असताना मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणे, कण्हणे
- अंग ढिले पडणे, उठवूनही न उठणे
- लागोपाठ दोन वेळा दूध न घेणे, वारंवार उलटी
- झटके येणे
- काहीही केले तरी ३ तासांहून अधिक सलग रडणे
- रक्त मिसळलेली शी किंवा फुगलेले पोट

अशा वेळी १०८ ला फोन करा. शिरपूर, साक्री, यावल, चोपडा या भागांतल्या पाड्यांवरून जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचायला वेळ लागतो, म्हणून सकाळची वाट पाहू नका. गाडी येईपर्यंत आणि वाटेतही बाळाला छातीशी उबदार धरा, नाक-तोंड मोकळे ठेवा.

पुढची लस घ्यायची का?

हलका ताप, सूज आणि किरकिर झाली म्हणून पुढचा डोस चुकवू नका. काय त्रास झाला ते आशाताई किंवा नर्सताईंना सांगून कार्डावर नोंदवून घ्या. श्वास थांबणे, झटके, अंग ढिले पडणे किंवा तीव्र ॲलर्जी झाली असेल, तर पुढची लस कोणती, कुठे आणि कधी द्यायची हे बालरोगतज्ज्ञच ठरवतील.

लसीच्या दिवशी घरात चार्ज असलेला फोन, थर्मामीटर, मात्रा लिहिलेला कागद आणि रात्री आईसोबत जागणारे एक माणूस असू द्या. पहिल्या रात्री दर दोन-तीन तासांनी पाजताना बाळाचा श्वास, रंग आणि अंगाची ऊब पाहत राहा.

(ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या बाळाबाबतचा निर्णय त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.)