मास्टर दीनानाथ: तीन मिनिटांत न मावलेला गळा

जालन्यातून रेकॉर्ड होणाऱ्या आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा हा लेखी मजकूर.

रोरी गॅलाघर हे नाव ऐकलंय? आयर्लंडचा ब्लूज-रॉक गिटारवादक. स्टेजवर आग, स्टेजखाली अबोल. दारू आणि औषधांनी यकृत गेलं आणि १९९५ मध्ये, ४७ व्या वर्षी तो वारला. बॅलीशॅनन या त्याच्या जन्मगावी चाहते आजही दरवर्षी जमतात. त्याच्याविषयी वाचताना मला सारखे आठवत होते ते आपले मास्टर दीनानाथ मंगेशकर.

जन्म २९ डिसेंबर १९००, गोव्यातल्या मंगेशीचा. आडनावही त्या गावावरूनच घेतलेलं. पोरवयातच ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर त्यांनी स्वतःची 'बलवंत संगीत मंडळी' काढली. म्हणजे सतरा-अठराव्या वर्षी कंपनीचा भागीदार! आजच्या भाषेत स्टार्टअपच म्हणा ना.

गडकऱ्यांच्या 'भावबंधन'मध्ये ते लतिका व्हायचे आणि 'मानापमान'मध्ये धैर्यधर. एकच माणूस नायिकाही आणि वीर नायकही. वझेबुवांची तालीम, त्यावर पंजाबी ढंगाच्या हरकती आणि वरच्या पट्टीत अचानक घेतलेली झेप. तान कुठून सुटेल आणि कुठे जाऊन पडेल, याचा अंदाजच येत नाही. १९३१ मध्ये त्यांनी सावरकरांचं 'संन्यस्त खड्ग' रंगभूमीवर आणलं, तेही सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना. अंगात धाडस होतंच.

पण त्याच वर्षी 'आलम आरा' आला, पुढच्या वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. पडदा बोलायला लागला आणि नाटक कंपन्यांचं गणित कोसळलं. कंपनी म्हणजे नुसते नट नव्हेत. साजिंदे, आचारी, पडदे, बिऱ्हाडं, रेल्वेभाडं, सगळा संसार. खेळ झाला नाही तरी रोजची पंगत बसणारच. 'बलवंत'नेही मग सिनेमात उडी घेतली, 'कृष्णार्जुन युद्ध' काढला. पैसा बुडाला, कंपनी मोडली, कर्ज झालं आणि दारू वाढत गेली. २४ एप्रिल १९४२ ला पुण्यात ते गेले. वय ४१.

आता मुद्द्याचं बोलू. चाहते म्हणून आपण दोन प्रकारे चुकतो. एक तर दारूचा विषय निघाला की आवाज खाली करतो, जणू ती बोलायची गोष्टच नाही. नाहीतर उलटं, 'कलावंत असेच असतात' म्हणत तिला दागिन्यासारखं मिरवतो. पण हिशोब सरळ आहे. दीनानाथांची झेप दारूतून आली नव्हती, ती तालमीतून आली होती. दारूने काय केलं, तर आधीच कोलमडलेल्या माणसाला उभं राहायला जागा ठेवली नाही.

आणि याची किंमत कोणी मोजली? घरात पाच मुलं. थोरली लता १२ वर्षांची, धाकटा हृदयनाथ ४ वर्षांचा. मास्टर विनायकांनी आधार दिला, पण त्या वयात लताला कॅमेऱ्यासमोर उभं राहावं लागलं. 'पहिली मंगळागौर' त्याच वर्षीचा. पुढे जे घडलं ते सोनंच, पण त्या पोरीला तेव्हा ते कुठे ठाऊक होतं?

रोरीच्या चाहत्यांकडे निदान 'आयरिश टूर ७४' आहे, भर मैफलीतलं अख्खं रेकॉर्डिंग. आपल्याकडे काय उरलं? ७८ च्या तबकड्या, एका बाजूला जेमतेम ३ मिनिटं. रात्रभर चालणारं नाटक, वन्समोअरवर वन्समोअर, यातलं काहीच त्यात मावलं नाही. तबकडी संपत आली की गाणाराही घाईत येतो, कान दिलात तर कळतं.

तरी तो गळा संपला नाही. वसंतराव देशपांडे लहानपणापासून त्या गाण्याने झपाटलेले होते. त्यांच्या 'कट्यार काळजात घुसली'मधल्या खाँसाहेबांच्या ताना ऐका आणि मग दीनानाथांची तबकडी लावा. धागा लगेच सापडेल.

तर होमवर्क एवढंच. आज इअरफोन लावा, 'रणदुंदुभी'मधलं त्यांचं कुठलंही पद शोधा, खरखर येईल, येऊ द्या. तीनच मिनिटं आहेत, पुढे ढकलू नका. काय ऐकू आलं ते व्हॉइस नोटवर कळवा. भेटू पुढच्या भागात!