एकच प्लग, दोन तारा

लिओ फेंडर यांनीं अमेरिकेंत १९५१ सालीं प्रिसिजन नांवाची बेस गिटार बाजारांत आणली. पुढें तिचा ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची पेटी हीं वेगळीं झालीं; त्यांना जोडावयास तार आली, व तिच्या टोकास पाव इंची प्लग. हा प्लग मूळचा टेलिफोनच्या स्विचबोर्डावरचा. गिटारीच्या तारेसहि तोच. घोटाळ्याचें मूळ येथेंच आहे.

गिटारीकडून येणारा प्रवाह इतका क्षीण, कीं बाहेरच्या खरखरीपासून त्याला राखण्यास बारीक तारेभोंवतीं जाळीचें कवच लागतें. स्पीकरकडे जाणाऱ्या प्रवाहाची गोष्ट निराळी. १९६९ सालचा अँपेगचा एसव्हीटी ३०० वॅटचा. ४ ओहमच्या पेटींत तो पूर्ण जोरांत साडेआठ अँपिअरांहून अधिक प्रवाह सोडतो. तेथें कवच नको, तांब्याच्या दोन सारख्या जाड तारा हव्यात. दिसावयास सारखी म्हणून गिटारीची तार लावली, तर ती तापते. आणि ऐन मैफलींत तुटली, तर व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरांतील महागडा ट्रान्सफॉर्मरच जळण्याची भीति!

लिखटेनस्टाइनच्या न्यूट्रिक कंपनीनें १९८७ सालीं स्पीकॉन हा फिरवून अडकविण्याचा जोड काढला. तो गिटारीच्या भोंकांत शिरतच नाहीं. मात्र अनेक पेट्यांवर पाव इंची भोंकें अजून आहेत. तेथें तारेच्या वेष्टनावर छापलेलीं अक्षरें वाचूनच ती लावावी लागते.