विषबाधा झाल्यावर डॉक्टर आधी रसायनाचं नाव का विचारतात?

मोखाडा तालुक्यातल्या खोडाळा परिसरातून दरवर्षी अनेक कुटुंबं मजुरीसाठी बाहेर पडतात. कुणी वीटभट्टीवर, तर कुणी नाशिककडच्या द्राक्षबागांत. बागेत फवारणीचं औषध ड्रममध्ये दुसराच कुणीतरी कालवतो, मजुराच्या हातात येते फक्त पंपाची नळी. गावी परतल्यावर त्याला उलट्या सुरू झाल्या, तर तो खोडाळ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचतो आणि औषधाचा डबा मात्र बागेतच राहतो.

नाव कळल्याने काय फरक पडतो?

मोनोक्रोटोफॉससारख्या कीटकनाशकाची विषबाधा असेल, तर ॲट्रोपिन हा उतारा आहे. पॅराक्वाट या तणनाशकावर उताराच नाही. उलट त्यात गरज नसताना लावलेला ऑक्सिजन फुप्फुसांचं नुकसान वाढवू शकतो.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. दोन-तीन औषधं एकत्र करून फवारल्याचं तेव्हा समोर आलं. अशा वेळी डॉक्टरांना एक नाव पुरत नाही, सगळी लागतात.

माहिती देण्याची जबाबदारी कुणाची?

कीटकनाशक नियम, १९७१ नुसार विषबाधेची लक्षणं, प्रथमोपचार आणि उतारा ही माहिती डब्यासोबतच्या पत्रकात छापावी लागते. (ती अक्षरं वाचायला भिंग लागतं, हा भाग वेगळा!) लेबलवरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष. त्याखाली पिवळा, निळा आणि हिरवा.

कारखान्यांचं काय? १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेत हजारो रुग्ण समोर असताना, नेमका कोणता वायू आणि त्यावर उपचार काय, हे डॉक्टरांना स्पष्ट नव्हतं. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक रसायनांची माहिती कामगार, स्थानिक प्रशासन आणि आसपासच्या लोकांना देणं कारखानदारांवर बंधनकारक झालं. अमेरिकेत तर रसायन हे व्यापारी गुपित असलं, तरी तातडीच्या वेळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ते लगेच सांगावं लागतं. कागदपत्रं नंतर.

रुग्णासोबत असाल तर?

डबा किंवा लेबलचा फोटो सोबत न्या. डबा कामाच्या ठिकाणी राहिला असेल, तर मालकाला किंवा मुकादमाला फोन करून सगळ्या लेबलांचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. 'पांढरं औषध' एवढ्यावर थांबू नका. व्यापारी नावाखाली बारीक अक्षरांत घटक रसायन लिहिलेलं असतं, डॉक्टरांना तेच हवं असतं. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा टोल फ्री क्रमांक आहे १८०० ११६ ११७. तिथे २४ तास डॉक्टरही विचारू शकतात आणि नातेवाईकही.