तटावरचे झाड
वास्तू बांधणाऱ्याचे नाव शिलालेखावर राहते. ती राखणाऱ्याचे क्वचितच. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त (सुमारे १७१५) मात्र तटात उगवणारी झाडे वरचेवर काढण्याची ताकीद आहे. त्या काळी मोठ्या गडाच्या तटाचा एकेक भाग स्वतंत्र तटसरनोबताच्या राखणीत असे. कसूर कोणाची, हे उघड दिसे.

पुढे १८५४ मध्ये, डलहौसीच्या कारकिर्दीत, सार्वजनिक बांधकाम खाते स्थापन झाले. निविदा, मोजमाप पुस्तिका व देयक ही कंत्राटाची पद्धत कालांतराने रूढ झाली. आज सरकारी इमारतींची झाडलोट व डागडुजीही बहुधा कंत्राटाने होते. त्यात गैर काही नाही. परंतु पुस्तिकेत काम किती झाले एवढेच उमटते. ते कसे झाले, हे पुढचा पावसाळा सांगतो.

आपल्या संस्थांच्या जुन्या वास्तूंवर पिंपळ उगवला, तर तो पाहण्याचे काम कोणाच्या नावे आहे?