साडेतीन महिन्यांचा कागद

परवा चिखलीला गेले होते. काकांचं कपाट आवरताना एक जुनी पॉलिसी सापडली. 'कोरोना कवच', मुदत साडेतीन महिने, जुलै ते ऑक्टोबर २०२०. ती घ्यायला लावली मीच. म्हणून म्हटलं, तिची गोष्ट लिहून ठेवावी.

आपल्याकडे आरोग्य विमा म्हणजे निदान एका वर्षाचा. २०१६ चे विमा नियामकाचे (इर्डाचे) नियम तेच सांगत होते. कोरोना आला आणि जून २०२० मध्ये नियामकाने अपवाद केला. या एका आजारासाठी वर्षाहून कमी मुदतीच्या पॉलिसींना परवानगी दिली. शिवाय आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांना १० जुलैपर्यंत सगळीकडे सारखीच असलेली 'कोरोना कवच' आणायला सांगितलं. रक्कम पन्नास हजार ते पाच लाख. मुदत साडेतीन, साडेसहा किंवा साडेनऊ महिने. वरचा अर्धा महिना कशाला? तर पहिले पंधरा दिवस दावा करता येत नसे!

हेतू चांगलाच होता. ज्याला वर्षाचा हप्ता झेपत नाही, त्यालाही थोडा आधार. मार्च २०२० संपायच्या आतच बुलढाण्यात कोरोनाचा पहिला मृत्यू झाला होता, त्यामुळे काका घाबरलेले. फोनवर म्हणाले, "सांग माय, किती महिन्यांचा घेऊ?" मी शहाणपणाने म्हटलं, "साडेतीनचा घ्या, तोवर साथ ओसरेल. उगीच जास्त पैसे कशाला?"

दसऱ्याच्या सुमारास पॉलिसी संपली. संपण्याआधी नूतनीकरण केलं असतं तर पुन्हा पंधरा दिवस थांबावं लागलं नसतं. पण सोयाबीनची गडबड होती, रुग्णही कमी होत होते. कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. माझ्याही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसरी लाट आली ती आधी आपल्या वऱ्हाडातच. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा... मार्चमध्ये काका पॉझिटिव्ह निघाले. महात्मा फुले जनआरोग्य योजना मे २०२० मध्येच सगळ्यांना खुली झाली होती, पण ती ठरलेल्या रुग्णालयांत. आम्हाला बेड मिळाला तो यादीबाहेरच्या ठिकाणी. काका बरे झाले. बिलासाठी काकूंच्या पाटल्या मोडल्या. साडेनऊ महिन्यांचं कवच असतं तर एप्रिलपर्यंत चाललं असतं.

हल्ली वाटतं, नियम करणाऱ्यांनी तीन पर्याय दिले, पण साथ कधी संपेल हे ओळखायचं काम आमच्यावर सोडलं. ते तर डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. मग हात आखडता असलेला माणूस सगळ्यात स्वस्त तेच उचलतो.

काका आजवर मला एका शब्दाने बोलले नाहीत. "हा कागद फाडू का?" विचारलं, तर म्हणाले, "राहू दे."

मी तो परत जागेवर ठेवला.