ओळख कोण देणार?

मी बँकेत लागलो तेव्हा नवं खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागे. ती नसती, तर साक्षात कुबेरालाही आम्ही 'उद्या या' म्हटलं असतं. २००१ साली आलेलं विंडोज एक्सपी आमच्याच गोत्रातलं! पुढे साटा जातीच्या हार्ड डिस्क आल्या आणि एक्सपीची सीडी घातली, की ती पुष्कळदा खुशाल सांगे, 'इथे डिस्कच नाही!' डिस्क बिचारी शेजारीच बसलेली. तिची ओळख देणारा तो ड्रायव्हर. एफ-सिक्स हे बटण दाबून तो द्यायचा, आणि तोही फ्लॉपीवरच. फ्लॉपीचा खण तर नव्या यंत्रांतून हद्दपार होऊ लागलेला!

मग हिकमती पोरांनी एनलाइटसारखा प्रोग्राम वापरून मूळ फायलींतच ड्रायव्हर मिसळले आणि ७०० एमबीच्या कोऱ्या सीडीवर नवं एक्सपी उतरवलं. आता पाहुणा यजमानाची ओळख खिशात घेऊनच येऊ लागला.

आमच्या बोनकोड्याला यात नवल नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली, नव्या शहराचा नकाशा आला. गावं मात्र आधीपासून इथेच होती. पण नकाशाला ती दिसावीत म्हणून दि. बा. पाटलांच्या मागे भूमिपुत्रांना रस्त्यावर उतरावं लागलं. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले; साडेबारा टक्के भूखंडांची योजना त्यानंतरची.

ड्रायव्हर आधीच घातलेला बरा, तो एवढ्याचसाठी.