पऱ्हाटी, चूल आणि माती

विदर्भात पऱ्हाटी चुलीत जाते. उरते ती बांधावर पेटते. आमच्याही घरी तेच होते. म्हणून अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांचे १९३१चे कंपोस्टवरील पुस्तक वाचताना मी थबकलो. इंदूरला त्यांनी पऱ्हाट्या वाटेवर अंथरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडल्या आणि शेणमुतासह कुजवल्या. हेतू ह्यूमस वाढवण्याचा होता. आज त्यालाच आपण मातीत कार्बन साठवणे म्हणतो.

मात्र मातीतला सगळाच कार्बन सारखा नसतो. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतील डी. के. पाल, तपस भट्टाचार्य आदींनी हे दाखवून दिले. कोरड्या हवेत काळ्या जमिनीत चुनखडी साचते. तिच्यातही कार्बन असतो. पण ती साचताना सोडियमचा जोर वाढतो, निचरा बिघडतो. हिशेबात जमा, पिकाला तोटा.

सेंद्रिय कार्बन उपकारक खरा, पण आमच्या उन्हात तो लवकर झिजतो. दरवर्षी भर घालावी लागते. २०१५च्या पॅरिस परिषदेत फ्रान्सने मातीतला कार्बन वर्षाला हजारी चार वाढवण्याचा संकल्प मांडला. बांधावरचा प्रश्न जुनाच आहे : पऱ्हाटी कुजवली, तर ज्याच्याकडे दुसरे सरपण नाही, त्याची चूल कशावर पेटणार?